एका वेळेपुरता पाव

‘बागेत’ नावाचा फ्रेंच पाव टिकावा म्हणून केलेलाच नसतो. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा खमीर एवढ्यावरच तो उभा असतो. पाव मऊ ठेवणारे तेल, लोणी, दूध, साखर असे त्यात काहीच नसते, आणि लांबट, सडपातळ आकारामुळे आतल्या गराच्या मानाने वरचे कवच फार असते, त्यामुळे भट्टीतून बाहेर पडल्या क्षणापासून तो सुकू लागतो. सकाळी आणलेला पाव रात्रीच्या जेवणाला चिवट लागतो आणि दुसऱ्या दिवशी दुधात भिजवल्याखेरीज तो धड खाताही येत नाही. फ्रान्सच्या प्रवासात मला सर्वाधिक आनंद दिला तो या न टिकणाऱ्या पावाने, आणि त्या आनंदाचे मूळ त्याच्या न टिकण्यातच आहे असे माझे मत आहे. तो टिकत नाही म्हणून रोज आणावा लागतो. रोज आणावा लागतो म्हणून त्याचे दुकान घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावे लागते. आणि दुकान जवळ असावे म्हणून तिथल्या समाजाने, पालिकेने आणि सरकारने पिढ्यान्‌पिढ्या बरीच खटपट केलेली आहे. परक्या गावच्या माणसाला सकाळी हातात गरम पाव मिळतो तो या खटपटीमुळे.

पॅरिसमध्ये आम्ही दोघांनी हॉटेलऐवजी मेनिलमोंताँ या शहराच्या पूर्वेकडील, चढ-उतारांच्या वस्तीत एक लहानसे घर भाड्याने घेतले होते. घराच्या कोपऱ्यावरच बेकरी होती. सात वाजता तिचे दार उघडे, पण भट्टीचा वास त्याच्या बराच आधी आमच्या खिडकीपर्यंत येई, कारण बेकर पहाटे तीन-चारपासून कामाला लागलेला असे. रांगेत कामावर निघालेली माणसे, शाळकरी मुलांचा हात धरलेल्या आया, चाकांची पिशवी ओढणाऱ्या आजी असत. दुकानात पाऊल टाकताच ‘बोंजूर’ म्हणायचे आणि निघताना निरोप घ्यायचा, हा तिथला अलिखित नियम आहे. तो पाळला की परक्या माणसालाही दुकानदारीण आपुलकीने वागवते. रांगेतल्या बहुतेकांचे मागणे ठरलेले असे आणि ते अतिशय नेमके असे. कोणाला खरपूस भाजलेला पाव हवा, कोणाला जरा फिकट. एकटे राहणारे वृद्ध अर्धाच पाव मागत, आणि ती तो सुरीने मधोमध कापून, अर्ध्या किमतीत, त्याच अदबीने हातात देई. माणूस एकटा असला तरी त्याला ताजे मिळाले पाहिजे, ही गोष्ट तिथे इतकी गृहीत धरलेली आहे की तिचा कोणी उल्लेखही करत नाही. मला मात्र ते पाहून दर वेळी बरे वाटत असे.

पावाच्या मधोमध कागदाची एक पट्टी गुंडाळून देतात, म्हणजे धरायला जागा होते आणि दोन्ही टोके उघडी राहतात. उघड्या टोकाचे काय होते, हे रस्त्यावर पाहावे. दुकानातून बाहेर पडलेला जवळजवळ प्रत्येक जण चालता चालता ते टोक मोडून तोंडात टाकतो. आम्हीही तेच करू लागलो. कवच दाताखाली फुटते त्याचा आवाज कानापर्यंत येतो, आत किंचित ओलसर, किंचित लवचीक गर लागतो, आणि मग गव्हाची अशी एक गोडी जिभेवर पसरते की तिला लोणी-जॅम काही नको वाटते. भट्टीतून नुकताच काढलेला पाव टोपलीत ठेवला की थंड होताना त्याच्या कवचाला बारीक तडे जातात आणि तो तडतडतो. पाव गातो आहे, असे तिथले बेकर म्हणतात. मी तो आवाज ऐकायला मुद्दाम रांगेत थोडी मागे थांबत असे.

हा पाव मागायचा तो ‘त्रादिस्याँ’ म्हणून. साधी बागेत वेगळी, स्वस्त. त्रादिस्याँ थोड्या सेंटांनी महाग, आणि हा फरक समजून घेण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांना युद्धकाळातल्या काळ्या, भेसळीच्या पावाचा वीट आला होता आणि पांढराशुभ्र, फुगलेला पाव हवा होता. तो देण्यासाठी बेकरांनी कणीक यंत्रात फार जोरात आणि फार वेळ मळायला सुरुवात केली. पाव पांढरा झाला आणि फुगला, पण इतक्या मळण्याने कणकेत हवा मिसळून पिठातली नैसर्गिक पिवळसर रंगद्रव्ये नष्ट झाली आणि त्यांच्याबरोबर चवही गेली. आंबवण्याचा वेळही कमी केला गेला. या ऱ्हासाचे नेमके निदान करणारा माणूस म्हणजे रेमों काल्व्हेल (१९१३–२००५) हा बेकरीशास्त्राचा अध्यापक. कमी मळा, पीठ आणि पाणी एकत्र करून आधी नुसते मुरू द्या, आणि कणकेला आंबायला वेळ द्या, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. पीठ-पाणी मुरत ठेवले की मळण्याचे निम्मे काम आपोआप होते, हा त्याचा मुद्दा आज जगभरच्या पाव करणाऱ्यांनी स्वीकारलेला आहे.

पुढे कायदा आला. १३ सप्टेंबर १९९३ च्या सरकारी आदेशाने, त्या वेळी एदुआर बालादूर पंतप्रधान होते, ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ म्हणजे काय याची व्याख्या ठरवली: कोणतीही रासायनिक भर नाही, कोणत्याही टप्प्यावर गोठवणे नाही, पीठ गव्हाचे, आणि त्यात बाकला, सोयाबीन किंवा माल्टचे पीठ घातलेच तर ते अगदी अल्प प्रमाणात. त्यानंतर २५ मे १९९८ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. कणीक मळणे, आंबवणे, आकार देणे आणि भाजणे हे सगळे जिथे पाव विकला जातो तिथेच होत असेल, तरच दारावर ‘बुलाँजरी’ अशी पाटी लावता येते. बाहेरून आणलेली गोठवलेली कणीक नुसती भाजून विकणाऱ्याला ती पाटी मिळत नाही. खाण्याच्या पदार्थावर इतका बारकाईने कायदा करणारा देश पाहून मला मनापासून आदर वाटला. त्या कायद्याने बाजार बंद केला नाही. सुपरमार्केटात हवा तो पाव मिळतोच. गिऱ्हाईकाला मात्र पाटी वाचून कळते की आत खरोखर कोणीतरी पहाटे उठून हात पिठात घातलेले आहेत.

या आस्थेची मुळे जुनी आहेत. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारातल्या बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या त्या पाव मिळेनासा आणि परवडेनासा झाला म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी राजाला घेऊनच परतल्या. तेव्हापासून राज्यकर्त्यांनी पावाकडे कधी दुर्लक्ष केलेले नाही. मला सर्वांत आवडलेला नियम सुट्ट्यांचा होता. क्रांतिकाळापासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार पॅरिसच्या बेकरांना उन्हाळ्यात एकदम सुट्टी घेता येत नसे. निम्म्यांनी जुलैत जायचे, निम्म्यांनी ऑगस्टमध्ये, आणि बंद दुकानाच्या दारावर जवळची उघडी बेकरी कोणती ते लिहायचे. २०१५ पासून हे बंधन उठले आहे. आमची बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद असे. तेव्हा आम्ही चढावरच्या दुसऱ्या बेकरीत जात असू आणि तिथल्या पावाचा आंबूस वास किती वेगळा आहे, यावर घरी परतेपर्यंत बोलत असू. पीठ तेच, पाणी तेच, पण आंबवण्याचे तास आणि हात वेगळे झाले की पाव वेगळा होतो.

क्रुआसाँविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण त्याच्याबद्दल माझ्या मनात फार प्रेम आहे. हा पदार्थ मुळात ऑस्ट्रियाचा. व्हिएन्नाच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या पावाची परंपरा पॅरिसमध्ये आणली ती आउगुस्ट त्सांग या तोफखान्यातल्या माजी अधिकाऱ्याने. १८३८–३९ च्या सुमारास त्याने रिशल्यू रस्त्यावर ‘व्हिएन्ना बेकरी’ काढली, ती अफाट चालली, आणि १८४८ मध्ये तो मायदेशी परत गेला तो तिथे वर्तमानपत्र काढण्यासाठी. त्याचा पाव मात्र पॅरिसने ठेवून घेतला आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच बेकरांनी त्याला लोण्याचे पदर दिले. आज आपण ज्याला क्रुआसाँ म्हणतो तो या पदरांमुळे क्रुआसाँ आहे.

दिवाळीला चिरोटे होणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला पदरांचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पोळ्यांमध्ये तुपाचा साटा लावून घडी घातली की तळताना पापुद्रे सुटतात, तसेच हे. इथे मात्र दोन गोष्टी जास्त अवघड आहेत. कणीक यीस्ट घातलेली, म्हणजे जिवंत, सारखी फुगू पाहणारी असते. आणि लोणी कणकेइतकेच घट्ट, त्याहून मऊ नाही आणि कडकही नाही, असे राखावे लागते. लोणी जास्त गार असले तर लाटताना त्याचे तुकडे पडतात, जास्त मऊ झाले तर ते कणकेत शोषले जाते आणि पदर नाहीसे होतात. म्हणून प्रत्येक घडीनंतर ती लादी थंडीत विसावते. तिहेरी घडी तीनदा घातली की लोण्याचे सत्तावीस थर होतात. मग त्रिकोण कापून, गुंडाळून, लोणी वितळणार नाही इतक्याच उबेत ते फुगू द्यायचे, आणि शेवटी भट्टीत लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन एकेक थर उचलला जातो. चांगला क्रुआसाँ हातात घेतला तर आकाराच्या मानाने अगदी हलका लागतो. मोडला की आत जाळी दिसते, बोटांना तेलकटपणा लागत नाही, आणि कपड्यांवर पापुद्र्यांचा सडा पडतो. तो न पडता क्रुआसाँ खाता आला, तर तो क्रुआसाँ कालचा समजावा.

एक गोष्ट प्रवाशाने लक्षात ठेवावी. १९९८ चा कायदा पावापुरता आहे, क्रुआसाँला तो लागू नाही, आणि बऱ्याच बेकऱ्या पाव स्वतः करत असल्या तरी क्रुआसाँ कारखान्यातून गोठवलेले आणून भाजतात. त्याचे कारणही समजते. पदर घालणे हे वेळेचे आणि मजुरीचे काम आहे, आणि सकाळच्या एका क्रुआसाँला गिऱ्हाईक किती पैसे देणार याला मर्यादा आहे. म्हणून विचारावे. आमच्या बेकरीतल्या बाईंना विचारले तेव्हा त्यांनी मागच्या खोलीचे दार ढकलून लाटण्याचे यंत्र आणि पिठाने पांढरा झालेला तरुण शिकाऊ मुलगा दोन्ही दाखवले. आणखी एक प्रघात कळला. निव्वळ लोण्याचा क्रुआसाँ सरळ ठेवतात, आणि मार्गारीनच्या क्रुआसाँची टोके आत वळवून त्याला चंद्रकोरीचा आकार देतात. नियम म्हणून नव्हे, पण बहुतेक ठिकाणी ही खूण खरी ठरते.

पॅरिसहून आम्ही ब्रिटनीला गेलो, तेव्हा लोण्याची खरी ओळख झाली. फ्रान्सच्या पश्चिम टोकाचा हा प्रांत. जुन्या राजवटीत मिठावर गाबेल नावाचा जाचक कर असे आणि तो प्रांताप्रांतात वेगवेगळा होता. ब्रिटनीला त्यातून सूट होती. बाकीच्या फ्रान्समध्ये मीठ इतके महाग की लोणी अळणी राहिले, आणि ब्रिटनीत मात्र गेराँदच्या मिठागरांचे स्वस्त मीठ लोण्यात मुबलक पडत राहिले. क्रांतीनंतर १७९० मध्ये तो कर गेला, तरी जिभेची सवय गेली नाही. आजही ब्रिटनीतल्या बेकरीत खारे लोणी हेच लोणी.

द्वार्नने हे तिथले सार्डिन माशांचे बंदर. याच गावातल्या मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यांतल्या बायकांनी १९२४ मध्ये मजुरीसाठी केलेला संप फ्रान्सच्या कामगार चळवळीत प्रसिद्ध आहे. आणि याच गावात १८६० च्या सुमारास क्वीन-अमान हा पदार्थ जन्मला, असे मानतात. त्याची कथा सांगतात ती अशी: दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, मिठाई संपलेली, हाताशी फक्त पावाची कणीक, लोणी आणि साखर; बेकराने तीच कणीक लोणी-साखर घालून घड्या घालून भाजली. कथा कशीही असो, पदार्थ तिला साक्ष देतो, कारण तो खरोखर पावाच्या कणकेचा आहे. साधारण चार भाग कणीक, तीन भाग लोणी आणि तीन भाग साखर असे त्याचे माप आहे. भाजताना साखर बाहेर झिरपून लोण्यात विरघळते आणि वर काळपट सोनेरी, काचेगत चकाकणारा थर धरते. बंदराच्या कठड्यावर बसून, अजून कोमट असलेला एक तुकडा आम्ही दोघांनी वाटून खाल्ला. आधी कडक साखर, मग खारट लोणी, मग आत पदर सुटलेली, मऊ, थोडीशी आंबूस कणीक. गोडाबरोबर मीठ इतके उघडपणे लागते आणि तरी दोघांचे जुळते, हे मी त्याआधी कुठे अनुभवले नव्हते. एका माणसाला तो पूर्ण खाणे जड जाते. तो वाटून खाण्यासाठीच आहे.

माझे आजोळ मडगावजवळचे, त्यामुळे पाव दारात येणे मला लहानपणापासून ठाऊक आहे. गोव्यात पोदेर सायकलवर टोपली बांधून, भोंपू वाजवत पहाटे आणि पुन्हा दुपार कलल्यावर येतो. उंडे, कोंड्याची पोय, कातरे पाव, कडक कांकणां असा त्याचा माल. पोर्तुगीज काळात जेझुइट पाद्रींबरोबर पाव गोव्यात आला, आणि यीस्ट मिळेना तेव्हा माडाची सूर घालून कणीक आंबवली गेली, असे तिथे सांगतात. माजोर्डा गावचे जुने बेकर त्या काळाशी आपला संबंध जोडतात. द्वार्ननेच्या बंदरावर बसले असताना मला पोदेराची आठवण येणे स्वाभाविक होते. पोदेराचे उंडेही त्याच दिवशी खायचे असतात, आणि त्याचीही फेरी दिवसातून दोनदा असते. फ्रान्सने आपल्या बेकराला कायद्याने पाठबळ दिले तसे आपण पोदेराला दिलेले नाही, याची मला खंत आहे. लाकडाचा खर्च, पिठाचे भाव आणि घरातल्या मुलांची दुसरीकडे गेलेली वाट यांनी कितीतरी गोव्याच्या भट्ट्या थंड पडल्या, आणि ज्या चालतात त्यांतल्या अनेक आता परराज्यांतून आलेल्या कष्टकऱ्यांच्या हातात आहेत.

परक्या हातात गेल्याने पाव बिघडतो, असे मात्र मला म्हणवत नाही. पॅरिसमध्ये १९९४ पासून दर वर्षी शहराच्या सर्वोत्तम बागेतची स्पर्धा होते. लांबी, वजन, मिठाचे प्रमाण सगळे ठरलेले; बसत नाही तो पाव चाखण्याआधीच बाद. जिंकणाऱ्याला चार हजार युरो मिळतात आणि वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादाला पाव पुरवण्याचा मान मिळतो. २०२३ मध्ये हा मान थर्शन सेल्वाराजा या श्रीलंकेतून आलेल्या बेकराला मिळाला. त्यांचे दुकान विसाव्या विभागात, म्हणजे आम्ही राहिलो त्याच बाजूला आहे. सेनेगलहून आलेल्या कुटुंबातल्या जिब्रिल बोदियाँ यांनी तर ही स्पर्धा २०१० आणि २०१५ अशी दोनदा जिंकली. मला यात विशेष आवडते ते हे की प्रासादासाठी वेगळी भट्टी नसते. रांगेतल्या आजींच्या पिशवीतला पाव आणि राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावरचा पाव त्या सकाळी एकाच हाताने घडवलेले असतात.

फ्रान्समध्येही सगळे सुखाचे आहे असे नाही. १९७० च्या सुमारास देशात पंचावन्न हजारांच्या आसपास बेकऱ्या होत्या, आता पस्तीस हजारांच्या घरात उरल्या आहेत. गावेच्या गावे बेकरीवाचून आहेत आणि काही ठिकाणी चौकात पावाचे यंत्र उभे आहे, नाणे टाकले की पाव बाहेर. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी युनेस्कोने बागेतचे कसब आणि त्याभोवतीची संस्कृती आपल्या वारशाच्या यादीत नोंदवली, ती या पार्श्वभूमीवर. ब्रिटनीतल्या एका खेड्यात बंद बेकरीची पाटी पाहिली. आत काचेमागे रिकाम्या फळ्या. गावच्या लोकांना आता पावासाठी मोटार काढून आठ-दहा किलोमीटर जावे लागते, म्हणजे ते आठवड्यातून एकदाच जाणार, आणि एकदाच जायचे म्हटले की टिकणारा पाव घेणार. चार तासांत सुकणारा पाव अशा गावात राहू शकत नाही.

जे कोणी तिकडे जाणार असतील त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. प्रसिद्ध दुकानांच्या याद्या बाजूला ठेवा आणि आपण जिथे उतरलो आहोत त्या गल्लीतली बेकरी शोधा; गल्लीतलीच माणसे रांगेत दिसली की आत शिरा. क्रुआसाँ सकाळीच, शक्य तितक्या लवकर खा. पाव मात्र संध्याकाळीही आणा. साडेचारनंतर शाळा सुटते, मुले हातात चॉकलेट घातलेला पाव घेऊन बाहेर पडतात, आणि त्याच सुमारास रात्रीच्या जेवणाची दुसरी भट्टी निघते; त्या वेळची त्रादिस्याँ सकाळच्यापेक्षा मला जास्त आवडली, कारण तिची कणीक दिवसभर सावकाश आंबलेली असते. सोबत एखादे चीज, थोडे टोमॅटो, ब्रिटनीत असाल तर खारे लोणी. पाव सुरीने न कापता हाताने मोडा. तिथे तो ताटातही ठेवत नाहीत, ताटाशेजारी टेबलावर नुसताच ठेवतात. आणि दोघेच असाल तर अर्धाच मागा. दुकानदारीण आनंदाने कापून देते.